अळीच्या बरणीत माशी निघाली तर: परोपजीवी माशी पाळण्याची, जपण्याची आणि नोंदवण्याची वाट

आरफळ कालव्याच्या भरावावर, पलूसच्या बाजूला, रुईची झुडपं दाट आहेत. तिथून आणलेल्या एका अळीनं बरणीच्या झाकणाला उलटं लटकून कोष केला. हिरवागार कोष, त्यावर सोनेरी ठिपक्यांची रांग. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर कोष तपकिरी पडलेला, आणि त्यातून केसाइतका बारीक, पांढरट, चिकट दोरा खाली लोंबतोय. दोऱ्याच्या टोकाला काहीच नाही. बरणीच्या तळाशी टिश्यू पेपरची घडी होती, ती उलगडली तर आत एक पिवळसर, बिनपायाचा, बिनडोक्याचा किडा अंग आक्रसत होता. संध्याकाळपर्यंत त्याचं डाळिंबाच्या दाण्याएवढं तांबूस पिंप झालं होतं.

फुलपाखरू येणार म्हणून वाट बघत बसलेल्या माणसाचा इथं विरस होतो आणि बरणी धुवायला जाते. माझं सांगणं एवढंच आहे की ती बरणी धुऊ नका. आपल्या भागात कुठल्या अळीतून कुठली माशी निघते याच्या नोंदी फार थोड्या आहेत, आणि त्या करायला महागडं यंत्र लागत नाही. बरणी, मलमल, पेन्सिल आणि तीन-चार आठवड्यांचा धीर एवढ्यावर काम होतं. सातारा-सांगलीत ज्यांना हे पहिल्यांदा करायचं आहे त्यांच्यासाठी, मी करते त्या क्रमानं लिहिते.

पुढं गोंधळ नको म्हणून आधीच ठरवून टाकू. पानं खाणारी ती अळी, आणि तिच्या पोटात वाढणारी माशीची अळी म्हणजे किडा.

‘नवी माशी’ म्हणजे काय

‘नवी जात सापडली’ हे आपण एका दमात म्हणतो, पण त्याचे अर्थ वेगवेगळे असतात. शास्त्राला अजिबात माहीत नसलेली जात, देशात पहिल्यांदाच दिसलेली जात, एखाद्या बेटांच्या समूहात किंवा जिल्ह्यात पहिल्यांदा दिसलेली जात, आणि माहितीतलीच माशी पण नव्या अळीतून निघालेली, या चारही नोंदी मोलाच्या आहेत. घरी बरण्या ठेवणाऱ्याच्या हाती बहुधा शेवटच्या दोन लागतात.

बेटांची उदाहरणं घेतली की हे चटकन कळतं, कारण बेटावर कोण होतं आणि कोण बाहेरून आलं हे तुलनेनं स्पष्ट दिसतं. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर १९९७ साली डार्विनच्या फिंच पक्ष्यांच्या घरट्यांत फिलोर्निस डाउन्सी या माशीच्या अळ्या सापडल्या. त्या घरट्यातल्या पिल्लांचं रक्त पितात आणि त्यात पिल्लं मरतात. सगळ्यांना वाटलं, माशी नुकतीच आली असणार. नंतर जुन्या संग्रहातल्या पेट्या तपासल्या तेव्हा कळलं की १९६४ मध्येच तिथं पकडून टाचणीला लावलेल्या माशांत हीच जात होती. गंमत अशी की त्या पकडल्या तेव्हा या जातीला नावसुद्धा नव्हतं, ते १९६८ साली त्रिनिदादच्या नमुन्यांवरून मिळालं. पकडणाऱ्याला माशी कोण आहे हे माहीत नव्हतं, तरी त्यानं ती नीट टोचून, कुठं आणि कधी पकडली ते लिहून ठेवलं. म्हणून कित्येक वर्षांनी प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळालं. मी हे सगळं करते त्यामागं ही एकच गोष्ट आहे.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. स्टुर्मिया बेला ही युरोपात आधीपासून असलेली माशी, ब्रिटनमध्ये १९९८ साली पहिल्यांदा नोंदली गेली. तिथल्या स्मॉल टॉर्टॉइजशेल नावाच्या फुलपाखराची संख्या घटत चालली होती, त्यामुळं या माशीकडं संशयानं बघितलं गेलं. मग अभ्यासकांनी अळ्या गोळा करून एकेक पाळल्या आणि किती अळ्यांतून माशी निघते ते मोजलं. त्यांचं मोजणं आणि आपलं बरण्या ठेवणं यात कामाची तऱ्हा एकच आहे.

आपल्याला बेटं नाहीत, पण साताऱ्याचे सडे बेटांसारखेच आहेत. कास, यवतेश्वर, पाचगणीचं पठार, सगळे जांभ्याचे उंच सपाट माथे आणि मधे खोल दऱ्या. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये पाचशेच्या आसपास. खाली आटपाडी-जतलाही तीच तऱ्हा. शंभरेक किलोमीटरच्या आत झाडं बदलतात, झाडं बदलली की अळ्या बदलतात. माशा किती बदलतात, हे बरण्याच सांगतील.

झाड एकच निवडा

नवखा माणूस दिसेल ती अळी उचलतो. महिन्याभरात पंचवीस बरण्या होतात, प्रत्येकीला वेगळा पाला लागतो आणि अर्ध्या अळ्या उपाशी मरतात. एक झाड निवडा, वर्षभर तेच धरा.

रुई सगळ्यांत सोपी. तिच्यावरची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी लांबून ओळखू येते. तिचं नारिंगी फुलपाखरू होतं, शास्त्रीय नाव डनाउस क्रिसिपस. तिच्यातून स्टुर्मिया वंशातल्या माशा निघाल्याच्या नोंदी आहेत. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, पानं तोडल्यावर हात धुवा. परसात कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर त्यावरची, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी आणि मोठेपणी हिरवी होणारी अळी घ्या. दारात कण्हेर असेल तर तीही चालते.

शेतातलं करायचं तर मका आणि ऊस. मक्याच्या पोंग्यातली अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये आली. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी खूण, शेपटाकडं चौकोनात चार ठिपके. बाहेरून आलेल्या किडीवर इथल्या कुठल्या माशा बसायला शिकल्या, हा प्रश्न अजून ताजा आहे. उसात खोडकिडीचा वाळलेला पोंगा ओढला की अलगद हातात येतो आणि त्याला कुजका वास येतो. तो कोंब बुडातून काढून चिरला की अळी सापडते. स्टर्मिओप्सिस इन्फरन्स ही टॅकिनिड नावाच्या परोपजीवी माश्यांच्या कुळातली माशी या खोडकिडीवर जगते, उसावरच्या पुस्तिकांत तिचं नाव मित्रकीटक म्हणून येतं.

दुसऱ्याच्या रानात जाताना आधी विचारा, आणि एक प्रश्न न विसरता विचारा: “दादा, शेवटचा फवारा कधी मारलाय?” फवारणी झालेल्या रानातली अळी घरी येऊन दोन दिवसांत मरते आणि आपण समजतो की पाळण्यात काही चुकलं. विचारलेलं उत्तर वहीत लिहा. शेतकऱ्याला तुम्ही काय करताय ते सांगितलं तर पुढच्या खेपेला तोच फोन करून बोलावतो. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा पहिल्यांदा दिसला, तेव्हा डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या माव्याला खातात हे लोकांनी बांधावर उभं राहून बघितलं. किडीला खाणारी कीड असते हे इथल्या शेतकऱ्याला नव्यानं समजवावं लागत नाही.

केसाळ सुरवंटाला हात लावू नका. पानासकट डबीत घ्या, नाहीतर अंगाला खाज सुटते.

एक अळी, एक बरणी, एक नंबर

हा नियम मोडायचा नाही. लष्करी अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. तसं नसलं तरी, पाच अळ्या एका बरणीत आणि तळाशी दोन किडे, असं झालं की कुठला किडा कुठल्या अळीतला ते कधीच कळत नाही.

लोणच्याची किंवा मधाची रिकामी काचेची बरणी घ्या. तोंडाला मलमलचा तुकडा आणि रबर. तळाला टिश्यू पेपरची दोन-तीन पदरी घडी, कारण किड्याला कोष करायला आडोसा लागतो. पाला रोज बदला, विष्ठा रोज काढा. आपल्याकडं पावसाळ्यात हवा दमट असते, एक दिवस आळस केला की बुरशी धरते. बरण्या उन्हात ठेवू नका, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून ताटात पाणी घालून त्यात मधोमध विटेवर ठेवा.

नंबर बरणीच्या अंगावर चिकटवायचा, झाकणावर नाही. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी तारखा झाकणांवर लिहिल्या होत्या. पाला बदलताना सहा झाकणं एकदम धुवायला काढली आणि अदलाबदल झाली. त्या वर्षी तीन माशा निघाल्या, तिन्ही चांगल्या होत्या, आणि त्यांतली रुईची कुठली आणि लिंबाची कुठली हे मी आजही सांगू शकत नाही. त्या तीन माशा पेटीत आहेत, पण नोंद म्हणून त्यांचा उपयोग शून्य. अजून वाईट वाटतं.

नंबर दिला की वहीत तारीख, गाव, झाड, अळी किती मोठी होती आणि पाला कुठून आणला ते लिहायचं. पाला कुठून आणला हे का, ते आता सांगते.

माशी अळीत शिरते कशी

हे समजलं की बरणीत काय शोधायचं ते आपोआप कळतं. टॅकिनिड हे माश्यांचं फार मोठं कुळ आहे, वर्णन झालेल्या जातीच साडेआठ हजारांच्या पुढं आहेत, आणि त्यांच्या शिरण्याच्या रीती वेगवेगळ्या.

काही माद्या अळीच्या कातडीवर सरळ अंडं चिकटवतात. पांढरं, तांदळाच्या कणीसारखं, नखानं सहज न सुटणारं. तुतीच्या रेशीमकिड्यांवरची उझी माशी याच तऱ्हेची. ती १९८० मध्ये पश्चिम बंगालकडून कर्नाटकात पोचली आणि तिथल्या रेशीम उत्पादकांचं मोठं नुकसान झालं. आपल्याकडं तुती लावलेल्या कुणालाही विचारा, शेडच्या खिडक्यांना नायलॉनची जाळी का असते ते तो सांगेल. अंडं फुटून किडा आत शिरला की त्या जागी काळा डाग पडतो. किडा आतून कातडीला चिकटून तिथूनच श्वास घेतो, म्हणून तो डाग. अळीच्या अंगावर असा डाग दिसला की वहीत लिहा आणि त्या बाजूचा फोटो काढा.

दुसऱ्या तऱ्हेच्या माद्या अळीला शिवतसुद्धा नाहीत. डोळ्याला दिसणार नाहीत एवढी बारीक अंडी पानावर टाकतात, अळी पानासकट ती गिळते आणि पोटात अंडं फुटतं. ब्रिटनची ती स्टुर्मिया बेला अशीच, नेटल नावाच्या रोपाच्या पानावर अंडी घालणारी. म्हणून पाल्याची नोंद ठेवायची. समजा तुम्ही फुलपाखराचं अंडं घरी आणलं, अळी बरणीतच जन्मली, तिला कधी बाहेरची हवा लागली नाही, आणि तरी माशी निघाली. तर ती पाल्यातून आली. अळी कालव्यावरची आणि पाला घराजवळच्या रुईचा असेल, तर माशी नक्की कुठली? मी आता अळी जिथून आणते तिथलाच पाला आणते, ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवते.

तिसरी तऱ्हा खोडात लपलेल्या अळीसाठी. स्टर्मिओप्सिसची मादी उसाच्या कोंबाला पडलेल्या भोकाजवळ जिवंत किडेच सोडते. ते भोकातून आत सरपटत जाऊन अळी गाठतात.

आणि एक तर कान लावून येते. ऑर्मिया ओक्रेशिया नावाची माशी रातकिड्याचं गाणं ऐकून त्याच्यावर उतरते. ती हवाई बेटांवर बाहेरून पोचलेली आहे. तिथल्या कौआई बेटावरच्या रातकिड्यांत पंख सपाट झालेले, गाता न येणारे नर निपजले आणि वीसेक पिढ्यांच्या आत तेच बहुसंख्य झाले. माशीपासून वाचायचं म्हणून एका बेटावरचे रातकिडे मुके झाले, हे वाचल्यापासून पावसाळ्यात रात्री रातकिड्यांचा आवाज ऐकताना मला दर वेळी ते बेट आठवतं.

किडा बाहेर आला की

आता घाई करायची नाही. किडा अळीतून निघेल, नाहीतर फुलपाखराच्या कोषातून, दोऱ्यानं खाली उतरेल. काही तासांत त्याचं अंग आखडून गुळगुळीत पिंपासारखा कोष होतो, आधी तांबूस, मग गडद तपकिरी. हा कोष टिश्यूसकट उचलून वेगळ्या छोट्या डबीत ठेवा, डबीला तोच नंबर द्या. मूळ अळीची वाळकी कातडी किंवा फुटका कोष टाकू नका, तोही एका पुडीत घालून जपा. अळी कोण होती याचा तो पुरावा असतो.

डबी फार कोरडी पडली तर आतली माशी वाळते, फार ओली झाली तर बुरशी येते. बाजूला ओल्या कापसाचा बोळा ठेवला आणि तो कोषाला टेकू दिला नाही, की जमतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत दहा ते पंधरा दिवसांत माशी निघते. ती निघते ते बघायला मिळालं तर सोडू नका. कपाळावर एक फुग्यासारखी पिशवी फुगवून ती कोषाचं टोपण उडवते, मग पांढुरकी, मऊ, चुरगळलेल्या पंखांची बाहेर येऊन टिश्यूवर धावत सुटते. लगेच मारू नका. अंग कडक व्हायला, रंग धरायला, केस ताठ व्हायला एक अख्खा दिवस लागतो. घाईनं मारलेली माशी वाळली की पापडासारखी आक्रसते आणि ओळखता येत नाही.

कधी माशीच्या कोषातून माशीऐवजी बारीक काळ्या गांधीलमाश्या निघतात, एकीऐवजी दहा-वीस. ही माशीवर बसलेली दुसरी परोपजीवी. नेसोलिंक्स थायमस नावाची अशीच एक गांधीलमाशी उझी माशीच्या बंदोबस्तासाठी सोडली जाते. त्याही टाकू नका, त्याच नंबरानं जपा. अळीच्या अंगावरच पांढऱ्या कापसासारख्या बारीक कोषांचा पुंजका दिसला तर तोही गांधीलमाश्यांचा, माशीचा नाही.

मारणं, टोचणं, चिठ्ठी

जीव घ्यायचा हे कुणालाच सुखाचं नाही. पण टॅकिनिड माश्यांच्या बाबतीत नुसत्या फोटोवरून जात ठरणं बहुतेक वेळा शक्य नसतं, शरीरावरचे राठ केस मोजावे लागतात, नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. एका अळीतून तीन माशा निघाल्या तर दोन ठेवा, जमल्यास एक नर आणि एक मादी, आणि तिसरी जिथली अळी तिथं नेऊन सोडा. दुसऱ्या गावात सोडायची नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत एका पतंगाचा बंदोबस्त करायला कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा नावाची माशी युरोपातून नेऊन सोडली होती. ती तिथल्या मोठाल्या रेशीम-पतंगांवरही तुटून पडली.

मारायला डबी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली की पुरे. सकाळी बाहेर काढून अर्धा तास थांबा, मग टोचा. घरातली शिवणाची टाचणी चालत नाही, वर्षात गंजते. कीटकांसाठीची स्टेनलेस स्टीलची टाचणी मागवा. टोचायची छातीच्या मधोमध नाही, किंचित उजव्या बाजूला, म्हणजे मधल्या ओळीतले केस आणि डावी बाजू शाबूत राहते. माशी निघाल्यावर उरलेलं कोषाचं रिकामं टरफल छोट्या कार्डावर डिंकानं चिकटवून त्याच टाचणीला खाली लावा. माशी आणि तिचं टरफल कधी वेगळं करायचं नाही.

दुसरी माशी डीएनएसाठी ठेवता आली तर उत्तम. त्याला ९५ टक्के इथेनॉल लागतं, ते घरी मिळत नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा. आत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.

आता चिठ्ठी. माझ्या एका माशीखालची मराठीत उतरवून देते:

*भारत, महाराष्ट्र, जि. सांगली, ता. पलूस, आरफळ कालव्याचा भराव. रुईवरच्या डनाउस क्रिसिपसच्या अळीतून. अळी आणली १२ जुलै, फुलपाखराचा कोष १७ जुलै, किडा बाहेर २१ जुलै, माशी १ ऑगस्ट. बरणी ३७.*

त्याखाली वर्ष, अक्षांश-रेखांश आणि गोळा करणाऱ्याचं नाव. बाहेर तपासणीला पाठवायची प्रत इंग्रजीत करा, महिना रोमन आकड्यात लिहा म्हणजे तारीख आणि महिन्याची गल्लत होत नाही. अक्षांश-रेखांश फोनमध्ये मिळतात, पण ते गावाच्या चौकाचे नकोत, झाडाजवळ उभं राहून घ्या.

पेटीला घट्ट झाकण, कोपऱ्यात डांबरगोळी कापडात बांधून, आणि सिलिका जेलची पुडी. पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याकडच्या लोकांनी जून ते सप्टेंबर पेटी महिन्यातून दोनदा उघडून बघावी. बुरशी एका आठवड्यात पेटी खाते.

ओळख: आपण कुठवर जायचं

निघालेली प्रत्येक माशी टॅकिनिड असेलच असं नाही. भिंगातून बाजूनं बघा. छातीच्या मागच्या टोकाला एक त्रिकोणी ढालीसारखा भाग असतो, त्याच्या खाली उशीसारखा फुगवटा स्पष्ट दिसला तर टॅकिनिड. पोटावर राठ, ताठ केस असतात, साळिंदराची आठवण यावी असे. छातीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी करडी-काळी चौकट असेल, आणि तो फुगवटा नसेल, तर ती सार्कोफॅगिड, म्हणजे मांसमाशी. त्यांतल्या बऱ्याच मेलेल्या अळीवर येतात. म्हणून अळी किडा निघण्याआधी जिवंत होती का, हे वहीत असलं पाहिजे.

इथपर्यंत आपण जायचं, पुढं तज्ज्ञांकडं. जातीचं नाव स्वतः ठरवायचा मोह टाळा. फोटो चार घ्या: वरून, बाजूनं, समोरून चेहरा, आणि पंख पसरलेला, ज्यात शिरांचं वळण दिसेल. फोनला लावायची छोटी मॅक्रो भिंग पुरते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ज्या अळीतून निघाली तिचाही फोटो जोडा.

विचारायचं कुणाला? पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे, पिकांवरच्या परोपजीवींचा अभ्यास हे त्यांचं मुख्य काम. उसाच्या किडीचं असेल तर फलटण तालुक्यातल्या पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र जवळ पडतं, ते १९३२ पासून उसावर काम करतंय. कराडचं कृषी महाविद्यालय आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग हेही हाताशी आहेत. आधी पत्र किंवा ईमेल करा, फोटो आणि चिठ्ठीतला मजकूर जोडा, नमुना त्यांनी मागितल्यावरच पाठवा. एकदा पाठवून महिनोन्‌महिने उत्तर आलं नाही तरी खचू नका. मला एका ठिकाणाहून पोच मिळायला सात महिने लागले, आणि आलेलं उत्तर दोन पानांचं होतं.

‘इथं पहिल्यांदाच’ असं म्हणण्याआधी जुनं वाचावं लागतं. क्रॉस्की या ब्रिटिश अभ्यासकानं १९७६ साली भारतासकट पूर्वेकडच्या प्रदेशातल्या टॅकिनिड माश्यांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला, तपासणी बहुधा तिथून सुरू होते. हे काम तज्ज्ञ करतील, पण तुमच्या वहीत तारखा चोख असतील तरच.

परवानगीचं

आपलं परस, आपलं शेत, विचारून गेलेलं दुसऱ्याचं शेत, रस्त्याकडेची रुई, इथं सुरुवात करा. कोयना, चांदोली म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र, सागरेश्वर अभयारण्य, कासचं पठार, इथून वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा उचलायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात काही फुलपाखरंही संरक्षित आहेत, त्यांच्या अळ्या पाळायला घेऊ नका. परदेशातल्या अभ्यासकानं नमुना मागितला तर थेट टपालात टाकू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं त्यावर बंधनं आहेत, तो व्यवहार संस्थेमार्फतच होतो.

रिकाम्या बरण्याही मोजा

नवख्यांकडून हमखास सुटतं ते हे. वीस अळ्यांतून दोन माशा आणि अठरा फुलपाखरं निघाली, तर ती अठराही वहीत हवीत. नाहीतर पुढं कुणी विचारलं की किती अळ्यांना माशी लागली होती, तर सांगायला काही नसतं. मेलेल्या अळ्याही लिहा, कशानं मेली कळलं नसेल तर तसं लिहा.

आणि जो कोष उघडत नाही, तो टाकू नका. काही माश्या कोषातच महिनोन्‌महिने थांबतात, पुढच्या पावसाची वाट बघत. माझ्याकडं कढीपत्त्यावरच्या अळीतून निघालेला एक कोष, बरणी ५२, दिवाळीपासून खिडकीत आहे. हलवून बघितला तर आत भरीव आहे. कापसाचा बोळा दर चार दिवसांनी ओला करते.